एकतीस पॉइंट सहा

सात नंबरच्या ट्रकचा चौदावा आकडा हलत नव्हता. दीक्षाच्या हे लक्षात आलं तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता. डब्याचं झाकण तिच्या डाव्या हातात होतं आणि उजव्या हातातला भाकरीचा तुकडा अजून सुकटीपर्यंत पोचायचा होता. समोरच्या स्क्रीनवर बारा इलेक्ट्रिक ट्रक बारा चौकटींत उभे होते. उरणजवळच्या त्या कंटेनर यार्डात जेवणाच्या सुट्टीत सगळे ट्रक एकदम शेडमध्ये येत, तासभर चार्जिंगला लागत आणि पुन्हा बंदराच्या गेटाकडे कंटेनर ओढायला जात. वीज आत शिरली की बॅटरी तापते, बॅटरी तापली की आकडे चढतात. प्रत्येक ट्रकच्या पॅकमध्ये, म्हणजे सेल जोडून केलेल्या मोठ्या बॅटरीत, चोवीस ठिकाणी उष्णता मोजणारे सेन्सर होते, म्हणून आकडे चोवीस. या बॅटऱ्यांची जबाबदारी दीक्षावर होती; चार वर्षं रोज दुपारी बघून बघून तिला ते आता वाचावे लागत नसत. मधल्या सुट्टीनंतर वर्गात पोरं चुळबुळत असतात तसे ते तिच्या डोळ्यांसमोर चुळबुळत राहायचे, तेहेतीस, साडेतेहेतीस, चौतीस, आणि तिचं जेवण चालायचं. आज त्या चुळबुळीत एकजण गप्प बसला होता. एकतीस पॉइंट सहा. तिने तुकडा तोंडात टाकला, चावला, पुन्हा बघितलं. एकतीस पॉइंट सहा. बाकीचे तेवीस अडतिसापर्यंत गेले होते.

असेल काही, असं तिला वाटलं नाही असं नाही. वाटलं. मे महिना होता, पत्र्याच्या शेडमध्ये जीव नकोसा झाला होता, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा थंड राहत असेल तर त्यात वाईट काय? पण जेवता जेवताच तिने त्याच ट्रकचा सकाळचा तक्ता उघडला. सकाळी सहाला, रात्रभर थंड झालेल्या पॅकमध्ये, तेवीस आकडे अठ्ठावीसवर होते. चौदावा एकतीस पॉइंट सहा. कालचा दिवस उघडला. एकतीस पॉइंट सहा. परवा. तोच. रोज डोळ्यांसमोर असून तिला तो आजच दिसला होता. पॅकच्या आत जे सर्किट बसवलेलं असतं, ज्याला शेडमध्ये सगळे बीएमएस म्हणतात, त्याच्यावर या सगळ्या कारभाराचा भरवसा होता. प्रत्येक सेल किती भरला, किती तापला हे ते क्षणाक्षणाला बघतं, आणि काही वाकडं दिसलं की चार्जरला सांगतं, पुरे. माणूस विसरतो, ते विसरत नाही. पण त्याला जे सांगितलं जातं तेवढंच त्याला कळतं. चौदाव्या जागेवरून कुणीतरी त्याला सकाळ, दुपार, संध्याकाळ एकच गोष्ट सांगत होतं, आणि ते बिचारं विश्वास ठेवत होतं.

तिला वडील आठवले. अशा वेळी तिला वडील आठवतात याची तिला पूर्वी लाज वाटायची. रत्नपाल ओव्हाळ माणगावात हायवेला लागून असलेल्या एका बॅटरीच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं कामाला होते. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, लग्नाच्या मांडवातल्या लाइटच्या, सगळ्या काळ्या जड बॅटऱ्या त्यांच्यापुढे रांगेत मांडलेल्या असायच्या आणि भिंतीवरच्या चार्जरचा एकसुरी घुमणारा आवाज चालू असायचा. ॲसिडने त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला पोटावर भोकं पडलेली. आई ती रफू करायची, मग पुढे करायची सोडली. ड्रायव्हर लोक रस्त्यावरूनच हाक मारायचे, ए बॅटरी! दुकानात त्यांना नाव असं नव्हतंच. ते काचेच्या नळीत ॲसिड ओढून आतला तरंगता काटा बघायचे, आणि मग प्रत्येक बॅटरीच्या कुशीला तळहाताची मागची बाजू लावायचे, तापातल्या पोराला लावतात तशी. नळी बरोबर सांगते ना, मग हात कशाला, असं तिने विचारलं होतं. ते म्हणाले होते, नळी वरचं सांगते. आठवीत सरांनी अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहायला सांगितला तेव्हा तिने लिहिलं, दुकान. घरी येऊन तिने ते कुणाला सांगितलं नाही. पुढे पॉलिटेक्निकच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मास्तरांनी विचारलं, बॅटरी जास्त चार्ज झाली तर काय होतं, आणि वर्गातल्या बाकीच्यांनी पुस्तकातलं उत्तर दिलं. तिने मात्र वास सांगितला, झाकणाखालचा बुडबुड्यांचा आवाज सांगितला, कुशी कशी फुगते ते हातांनी दाखवलं. मास्तरांनी विचारलं, कुठे बघितलंस? ती म्हणाली, माझे वडील बॅटरीचं काम करतात. तिच्या आयुष्यात ते वाक्य पहिल्यांदा तिच्या तोंडून निघालं आणि तिला वाटलं, आपण खोलीत थोड्या उंच झालो.

स्क्रीनवर बोट ठेवून तिने सात नंबरचं चार्जिंग बंद केलं. डबा तसाच उघडा टाकून, लांबून उष्णता मोजायची गन घेऊन, ती शेडच्या त्या टोकाला निघाली. पंधरावीस पावलं चालली असेल तोच तिला सात नंबरच्या केबिनच्या खिडकीतून बाहेर आलेले पाय दिसले. सदू. सगळेच ड्रायव्हर जेवून केबिनमध्ये पंखा लावून आडवे व्हायचे, कारण शेडमध्ये दुसरीकडे कुठे गारवा नव्हता. पॅक केबिनच्या मागे, एका पत्र्याच्या अंतरावर. हे तिला रोज माहीत होतं. आज माहीत असणं वेगळं होतं. तिने पॅकच्या झाकणावर चौदाव्या जागेच्या समोर गन धरली. शेजारच्या जागी एकोणचाळीस. तिथे चौपन्न. झाकणावर चौपन्न, म्हणजे आत किती? तिने हिशेब केला नाही. खिडकीपाशी जाऊन सदूचा पाय हलवला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, खाली या. तो डोळे चोळत कुरकुरला, आत्ताच तर पडलो होतो म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं. तो उतरला ते तिचा चेहरा बघून.

पुढचा तास तिला नंतर कधी नीट लागोपाठ आठवला नाही, तुकड्यांनीच आठवला. शेजारचे दोन ट्रक बाहेर काढले. यार्डाची आग विझवणारी माणसं पाइप घेऊन आली. डिझेलच्या ट्रॅक्टरला लांब साखळी बांधून सात नंबर शेडबाहेर ओढला आणि मिठागराच्या बाजूला, जिथे नुसती खारट माती आणि वारा आहे, तिथे उभा केला. दोरी लावून तीस पावलांवर सगळ्यांना थांबवलं. दर दहा मिनिटांनी ती एकटी वाऱ्याच्या बाजूने पुढे जायची, आकडा घ्यायची, मागे यायची. चौपन्न. चौपन्न. त्रेपन्न. उन्हात डोळ्यांपुढे पांढरं दिसत होतं. तिला भीती वाटत होती, पण भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. त्याचं नाव तिला तिथे उभं असताना सापडलं नाही. एवढंच कळलं की आगीच्या माणसांपासून सदूपर्यंत वीसेक पुरुष तिच्या तोंडाकडे बघत थांबले आहेत आणि ती पुन्हा आकडा घ्यायला निघते आहे. त्या वीसांत रामचंद्रकाकाही होते. यार्डाचे जुने इलेक्ट्रिशियन, अठ्ठावन्न पूर्ण व्हायला चार महिने राहिलेले. ते दोरीशी उभे होते, भर उन्हात डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला होता. तिला वाटलं, ऊन लागलं असेल. पाणी प्या, असं तिने त्यांना सांगितलंही.

यार्डाचा मॅनेजर ऋत्विक आला तेव्हा आकडा एकोणपन्नासावर होता. तिशीचा, हुशार, वाईट माणूस नव्हे. त्याने विचारलं की एका सेन्सरसाठी गाडी उभी का, बाकीचे तेवीस तर बरोबर दाखवतायत ना, आज संध्याकाळच्या जहाजाचे कंटेनर कोण नेणार. थंड झालाय ना आता, मग हळू चार्जिंगवर लावू या मॅडम, उद्या बघू. त्याच्या बोलण्यात आवाज चढवणं नव्हतं. तेच अवघड होतं. कुणी ओरडलं की तिला सोपं जायचं.

ती म्हणाली, "गाडी बंद ठेवायचा लाल टॅग मी लावलाय सर. तो माझ्या सहीशिवाय निघत नाही. तुम्हाला काढायचा असेल तर आधी माझ्या जागी दुसरं कुणीतरी नेमा."

हे आपणच बोललो का, हे तिने स्वतःला नंतर बसमध्ये दोनदा विचारलं. ऋत्विकने तिच्याकडे, मग ट्रककडे बघितलं. "ओके," म्हणाला, आणि फोन लावत निघून गेला. उलव्याला घरी जाऊन तिने वडिलांना फोन केला. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यासाठी ती तीन दिवस रजा घेऊन माणगावला गेली होती. आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी हायवेवरच्या पाट्या वाचता येत होत्या आणि ते येणाऱ्या जाणाऱ्याला त्या वाचून दाखवत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "तू जवळ गेलीस तेव्हा वारा कुठनं होता?" तिने सांगितलं, पाठीकडून. "मग झालं," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच मिळतं. ते तिने उशाशी घेतलं आणि गाढ झोपली.

पॅक दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. बॅटरी बनवणाऱ्या कंपनीने पुण्याहून तेजस्वी नावाची इंजिनिअर पाठवली होती. दोघींनी रबरी हातमोजे चढवून छत्तीस बोल्ट काढले आणि झाकण उचललं. जळक्या प्लॅस्टिकचा बारीक वास आला. चौदाव्या जागेपाशी दोन सेल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीचा नट ढिला झाला होता. खड्ड्यांतून रोजची ये-जा, त्यात तो हळूहळू सुटला असणार. ढिल्या जोडातून वीज जाताना तापत होती, भोवतालचं आवरण तपकिरी पडलं होतं आणि एका सेलची कुशी फुगली होती. तेजस्वीने फोटो काढले आणि हळूच म्हणाली की आणखी आठदहा चार्जिंग, फार तर, मग पेटला असता. मग तिने सेन्सरची तार बोटाने उचलली आणि थांबली. तारेच्या टोकाला सेन्सर नव्हताच. तारेवर चढवायच्या काळ्या स्लीव्हमध्ये गुंडाळलेला एक रेझिस्टर होता, तांदळाच्या दाण्याएवढा. सेन्सर म्हणजे तरी काय, उष्णतेप्रमाणे विजेला कमीजास्त अडवणारी वस्तू. हा कायम सारखाच अडवणार. बीएमएसने ते वाचायचं आणि समजायचं, एकतीस पॉइंट सहा. कुणीही हाताला लागला तो रेझिस्टर लावला असता तर स्क्रीनवर भलताच आकडा दिसला असता आणि पहिल्याच दिवशी पकडला गेला असता. हा निवडून लावलेला होता. उरणच्या हवेत खरा वाटेल असा.

दीक्षाने तो जोड डोळ्यांजवळ नेला. दोन तारा एकमेकींभोवती बरोबर पाच वेढे, वेढे सगळे एकाच बाजूला वळलेले, कथलाचा थेंब कुठेही सांडलेला नाही, स्लीव्ह दोन्ही बाजूंनी सारखी. यार्डात असा जोड करणारी माणसं दोनच होती. एक ती स्वतः. तिला पाच वेढे ज्यांनी शिकवले, ते दुसरे. चार वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा शेडमधली माणसं तिला वाईट बोलत नव्हती, फक्त पाना मागितला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जायचा. रामचंद्रकाकांनी आठवडाभर ते बघितलं आणि एका सोमवारी स्वतःच्या पेटीतलं तार दाबायचं हत्यार तिच्या टेबलावर ठेवून गेले. पुढे वर्षभर दुपारी शिकवलं. जोड कसा बांधायचा, मोजताना एक हात पाठीमागे का ठेवायचा, आणि जोड केल्यावर तो ओढून बघायचा, कारण आपल्या हातावर फार भरवसा ठेवायचा नसतो. तेजस्वीने विचारलं, हे कुणी केलं असेल? दीक्षा म्हणाली, शोधते. हा शब्द खोटा होता. चार वर्षांत त्या शेडमध्ये ती पहिल्यांदा खोटं बोलली होती. तो रेझिस्टर तिने प्लॅस्टिकच्या पुडीत घातला तेव्हा तिला कालच्या दोरीपाशी हातात रुमाल धरून उभा असलेला माणूस आठवला, आणि ऊन लागलं नव्हतं हे कळलं.

दिवसभर ती स्वतःशीच भांडत राहिली. चूक झाली, निस्तरली, कुणाला काही झालं नाही. माणूस चार महिन्यांत जाणार. अहवालात लिहायचं, जागेवर रेझिस्टर आढळला. खोटं काय त्यात? आढळलाच होता. ऋत्विकनेही तसंच सुचवलं, थोडं मोघम ठेवा, बॅटरीच्या कंपनीला परस्पर सुटे भाग बदलले म्हणून नावं ठेवायला कारण कशाला द्यायचं. सगळ्यांना सोयीचं होतं. मग तिला सदूचे खिडकीतून बाहेर आलेले पाय दिसायचे. टाचांना भेगा होत्या, एका अंगठ्याला चिकटपट्टी. ते पाय तिच्या मनातून हलेनात. आणि आणखी एक गोष्ट हलेना, जी कुणाला सांगण्यासारखी नव्हती. काल ती वाऱ्यात उभी होती तेव्हा भीतीच्या खाली जे होतं त्याचं नाव आता सापडलं होतं. तो अभिमान होता. नुसता, स्वच्छ, आपल्या कामाचा. मोघम अहवालाखाली सही केली की तो जाणार होता, हे तिला जीभ दाताखाली आल्यासारखं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती अहवाल लिहायला बसली आणि रामचंद्रकाका आपणहून आत आले. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. म्हणाले, काय लिहिलंयस ते वाच. तिने वाचलं. सात नंबर, चौदावी जागा, ढिला नट, फुगलेला सेल. सेन्सरच्या जागी रेझिस्टर आढळला.

"आढळला न्हाय," ते म्हणाले. "लावला. कुनी लावला ते लिही."

तिने पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, टेबलाकडे बघत, सावकाश. ती वडिलांच्या ऑपरेशनला गेली त्याच दिवशी सेन्सर मेला. बीएमएसने चार्जिंग अडवलं, अडवणारच. नवा सेन्सर यायला आठवडा होता. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, बाई रजेवर गेली की शेड बंद पडते. ते त्यांना लागलं. तिच्या नावावर उभी गाडी नको, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्या आठवड्यापुरता म्हणून लावला. मग नवा सेन्सर आला, पण पॅक पुन्हा उघडायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तिला सांगावं लागलं असतं. रोज उद्यावर गेलं. नट त्यांनी बघितला होता, तेव्हा घट्ट होता, हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मग म्हणाले की हे लिहू नको, हे फक्त तुला सांगितलं.

"माझ्यासाठी केलंत?" तिने विचारलं.

"व्हय. म्हनून जास्त वाईट." त्यांनी अहवालाच्या कागदावर बोट ठेवलं. "तो आकडा मी चांगला निवडला हुता बाय. दुसऱ्या कुनाला कळला नसता. तू जेवता जेवता धरलास." त्यांच्या तोंडावर जे आलं ते हसू नव्हतं, पण त्याच्या जवळचं होतं. "आता लिही."

तिने लिहिलं. सेन्सरच्या जागी रेझिस्टर लावला. मग हात थांबला, कारण चार वर्षांत त्यांचं पूर्ण नाव लिहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. वडिलांचं नाव काय, असं तिने विचारलं. कृष्णाजी, ते म्हणाले. रामचंद्र कृष्णाजी घरत. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्यांनी कागद फिरवून घेतला, वाचला, नावाखाली सही केली आणि पुन्हा तिच्याकडे सरकवला. नुसतं आडनाव नको, पूर्ण नावानिशी सही कर, म्हणाले. तिने केली. दीक्षा रत्नपाल ओव्हाळ. तीन शब्द लिहायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो तिने लागू दिला.

त्या कागदाचं पुढे असं झालं की उरलेले चार महिने रामचंद्रकाकांना पॅकला हात लावायची बंदी झाली. ते यार्डाच्या दिव्यांच्या खांबांवर काम करून निवृत्त झाले, आणि निरोपाच्या दिवशी ऋत्विक त्यांच्याबद्दल जे चांगलं बोलला ते मोघम नव्हतं. बॅटरीच्या कंपनीने दीक्षाला पुण्याला बोलावून घेतलं. चार्जिंग चालू असताना एखादा आकडा दहा मिनिटं जागचा हलला नाही तर चार्जिंग आपोआप थांबावं, हा तिने सांगितलेला नियम आता त्यांच्या प्रत्येक बीएमएसमध्ये आहे. पण त्या सकाळी हे काहीच ठरलेलं नव्हतं. त्या सकाळी काय होणार हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. रामचंद्रकाका उठले, कागद तिच्याकडून मागून घेतला, मीच नेऊन देतो म्हणाले. ती शेडच्या दारापर्यंत आली. ऑफिस यार्डाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, मधे सगळं ऊन. त्यांनी कागदाची घडी केली नाही, खिशात घातला नाही. तो सरळ समोर धरून ते चालले, सोल्डर करताना तार धरतात तसा, दोन बोटांत. दुसऱ्या ट्रकवर कंटेनर घेऊन सदू समोरून आला, तेव्हा ते थांबले, सदूला आधी जाऊ दिलं, मग रस्ता ओलांडला. पाठ ताठ होती. तिला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला फार वाईट वाटेल. वाटत होतंच. पण डोळ्यांत पाणी आलं ते वाईट वाटल्याचं नव्हतं. समोर चाललेला माणूस आपला गुरू आहे, हे यार्डात कुणी विचारलं असतं तर तिने त्या क्षणी मोठ्याने सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. ती दारात उभी राहिली आणि ते ऑफिसची पायरी चढेपर्यंत बघत राहिली.